खिडकीच्या आतल्या माणसाने दया दाखवायची की नियम पाळायचा?

खिडकी क्रमांक 3 (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरातील एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. कार्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे घडले ते माझ्या हातून घडले आहे.

निराधार वृद्धांना दरमहा निवृत्तिवेतन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांची वर्षातून एकदा हयातीची पडताळणी होते. मे महिन्यात, पारा 43 अंशांच्या पुढे गेलेला असताना, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी खिडकीवर आल्या. त्यांचा अंगठा यंत्रावर जुळला नाही. मी एकेक करून दहाही बोटे ठेवायला लावली, पण यंत्राने एकही ओळखले नाही. "आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने नोंदवून या," असे सांगून मी पुढचा माणूस घेतला. त्या आठवड्याभराने परत आल्या आणि मी तेच सांगितले, तिसऱ्या खेपेसही तेच. चौथ्यांदा आल्या तेव्हा त्या खिडकीपर्यंत आल्याच नाहीत, बाहेर कडुलिंबाखाली बसून राहिल्या. आमच्या शिपाईमामांनी त्यांच्याशी तेलुगूत बोलून घेतले, तेव्हा मला कळले की त्या दर वेळी विडी घरकुल या कामगार वसाहतीतून चालत येत होत्या, पन्नास वर्षे विड्या वळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या आणि मी मराठीत जे तीनदा सांगितले होते त्यातले त्यांना फक्त "नंतर या" एवढेच समजले होते.

मी कोणताही नियम मोडला नाही आणि आवाजही चढवला नाही. तरीही त्या दिवसापासून मनाला स्वस्थता नाही. वरिष्ठांशी बोललो, तर ते म्हणाले, "दया दाखवायला लागलास की उद्या लेखापरीक्षणात तुझाच अंगठा घेतील." त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असेही मला म्हणता येत नाही, कारण ओळखीच्या माणसासाठी दाखवलेली "दया" पुढे कोणत्या वाटेने जाते हे मी नोकरीत पाहिलेले आहे.

म्हणून जाणत्यांना विचारतो. सार्वजनिक जागी बसलेल्या माणसाची करुणा हा त्याच्या स्वभावाचा भाग मानायचा की कामाचा? स्वभावाचा मानला, तर ज्याला तो स्वभाव नाही त्याच्या खिडकीवर येणाऱ्यांनी काय करायचे? आणि कामाचा मानला, तर ते काम नियमांत कोठे लिहिलेले आहे?

अव्वल कारकून (निवृत्त)

आपला प्रश्न वाचून मला आपल्याच जिल्ह्यातले जुने प्रकरण आठवले. महसूल खात्यात 34 वर्षे काढल्यामुळे असेल, मी ती कथा भक्तीच्या अंगाने कमी आणि दप्तराच्या अंगाने जास्त वाचतो. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बहामनी राजवटीतले अधिकारी. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात लोक अन्नावाचून मरू लागले तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे खुली केली आणि बादशहाने त्यांना बेदरास (बीदरला) पकडून आणण्याचा हुकूम काढला, असे परंपरा सांगते. पुढे विठोबा विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला, धान्याची किंमत भरली आणि पावती घेऊन आला. कीर्तनात देव धावून आला यावर भर असतो. मला मात्र नेहमी त्या पावतीचे नवल वाटते. ज्यांनी ही कथा शतकानुशतके सांगितली त्यांनाही खजिन्यातील तूट तशीच ठेवून कथा संपवता आली नाही. प्रत्यक्ष पांडुरंगालासुद्धा त्यांनी हिशेब चुकता करायला लावला. दामाजीपंतांच्या दयेबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, पण सरकारी माल हा अधिकाऱ्याचा स्वतःचा नसतो, याचेही भान त्यांना होते.

आपल्या हाती कोठार नाही आणि पावती आणून देणारा विठू येईल याचीही खात्री नाही. तेव्हा आपण काय करू शकतो, एवढेच पाहू. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा नियम मोडण्याची गरजच पडत नाही, तो पूर्ण वाचण्याची गरज असते. रेशनच्या बाबतीत पाहा. आधार पडताळणी झाली नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्राने 2017 च्या ऑक्टोबरमध्येच राज्यांना दिल्या होत्या. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांना 2021 पासून चेहऱ्यावरून हयातीचा दाखला देता येतो. ठसे जुळत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा नोंदवलेल्या मोबाईलवर येणाऱ्या क्रमांकावरून ओळख पटवण्याची सोयही आधारच्या व्यवस्थेत आहे. आपल्या योजनेसाठी यांपैकी काय लागू होते ते आपल्या टेबलावरच्या परिपत्रकांत शोधा आणि नाहीच सापडले तर वरिष्ठांकडे लेखी टिपणी ठेवा. टिपणीत "दया" हा शब्द घालू नका. "सदर लाभार्थी प्रत्यक्ष हजर आहेत, ठसे झिजल्यामुळे जुळत नाहीत, पर्यायी पडताळणीबाबत आदेश व्हावेत," एवढे लिहा. अशी टिपणी लेखापरीक्षणात कोणालाही अडकवत नाही. उलट ती कोणी लिहीतच नाही, म्हणून वर बसलेल्यांना वाटते की सगळे सुरळीत चालले आहे.

दुसरेही एक सांगतो. तिसऱ्यांदा आलेला माणूस तिसऱ्यांदा का आला, हे विचारायला आपल्याला कोणत्याही परिपत्रकाने मनाई केलेली नव्हती. हे मी आपल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या खिडकीवरून असे किती जण परत गेले असतील याचा हिशेब मी निवृत्तीनंतर मांडू लागलो, आणि तो काही लागत नाही.

सिद्धेश्वर पेठ

अव्वल कारकून साहेबांच्या प्रतिसादाला एक लहानशी जोड देतो. दामाजींच्या आधी तीन शतके त्याच मंगळवेढ्यात बसवेश्वरांनी कलचुरी राजा बिज्जलाच्या खजिन्याचे काम पाहिले, म्हणजे तेही दप्तरातलेच होते. त्यांच्या परंपरेत "दान" या शब्दाऐवजी "दासोह" हा शब्द येतो. दानात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. दासोहात देणारा स्वतःला दास समजतो, त्यामुळे उपकाराची भाषाच उरत नाही. आपल्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन तलाव खोदला. त्या पाण्यावर येणाऱ्याला ओळख विचारण्याची तरतूद नव्हती. त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत आपण सगळे तलावाकाठी जातो, नंदीध्वजांच्या मानाच्या काठ्यांपुढे हात जोडतो, पण तो तलाव मुळात एक सार्वजनिक काम होते हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

वकील, सोलापूर

मी थोडा विरोधी सूर लावणार आहे.

सार्वजनिक जीवनात करुणेचे गुणगान ऐकले की मला भीती वाटते, कारण आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ बहुधा फलक लावून केलेला परोपकार असा होतो. नेत्याच्या वाढदिवसाला रुग्णालयात केळी वाटली जातात; एक केळे, ते धरणारे सहा हात आणि छायाचित्र. रुग्णाचा चेहरा दिसेल असे उभे राहायला सांगणारा छायाचित्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. अशा दयेपेक्षा कोरडा नियम परवडला, कारण तो निदान कोणाला मिंधे करत नाही.

घटनेचेच पाहा. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद 51-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आहेत. त्यात दयाबुद्धीचा उल्लेख येतो तो जंगले, तलाव, नद्या आणि वन्य जीव यांच्या सोबतीने, सजीव प्राण्यांच्या संदर्भात. माणसामाणसांतल्या नात्यासाठी उद्देशिकेने निवडलेला शब्द बंधुता हा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले होते की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरच्या रंगाच्या थराइतकीच उथळ राहतील. भाऊ भावावर दया करत नाही, त्याचा वाटा त्याला देतो. त्यामुळे "करुणा कामात कोठे लिहिली आहे" या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की त्या आजींचा जो हक्क आहे तो वेळेत त्यांच्या हाती पडणे हे आपले काम आहे, आणि ते नीट झाले तर करुणेची वेगळी नोंद करावी लागत नाही.

दुष्काळाच्या इतिहासातही मला हेच दिसते. 1876 ते 1878 च्या दुष्काळात आपला जिल्हा होरपळला होता. तेव्हा ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोच्याही आत आणले. हिशेब चोख होता, त्यात माणूस नव्हता. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना सुकडी हा पौष्टिक कोरडा आहार मिळाला. त्या अनुभवातून महाराष्ट्राने 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि काम मागणे हा हक्क झाला. दामाजींच्या कोठारापासून इथपर्यंत यायला पाचशे वर्षे लागली.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. पुणे रस्त्यावर अपघात झाला की पूर्वी लोक बघत उभे राहत. त्यांच्यात माणुसकी नव्हती असे नाही. पोलीस ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या खेपांची धास्ती होती. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. जखमीला वेळेत पोहोचवणाऱ्यास मिळणारे बक्षीस 2025 मध्ये 5 हजारांवरून 25 हजार रुपये झाले. बक्षिसाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, पण कलम 134-अ मला फार मोलाचे वाटते, कारण त्याने लोकांना दयाळू व्हा असा उपदेश केला नाही, फक्त दयाळू माणसाच्या पाठीमागची भीती काढून घेतली. तुमच्या वरिष्ठांच्या त्या लेखापरीक्षणाच्या वाक्यातही हीच भीती आहे.

विडी कामगाराची लेक

वकीलसाहेब, आपले म्हणणे पटले, पण पूर्ण पटले नाही. हक्क कागदावर असतो आणि तो पोहोचवणारी खिडकी माणसाची असते. त्या दोहोंमध्ये काय घडते ते मी लहानपणापासून आईच्या बोटाला धरून पाहिले आहे.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली पाने, आणि दिवसाला हजार विड्यांचे गणित. संध्याकाळी त्या कारखान्याच्या शाखेत नेऊन द्यायच्या. तिथे छाटणी करणारा माणूस मूठभर विड्या बाजूला काढायचा, त्या का काढल्या हे कधीच सांगायचा नाही आणि विचारायची आईची प्राज्ञा नव्हती. त्या मूठभर विड्यांचे पैसे किती होते ते मला आठवत नाही. परतीच्या वाटेवर आई माझ्याशी बोलत नसे, ते आठवते.

त्याच शाखेत काही काळ दुसरा एक माणूस होता. तोही छाटायचा आणि पैसेही कापायचा, नियम तोच. पण तो विडी हातात धरून दाखवायचा, "अक्का, इथे दोरा सैल आहे, बघा." आई दुसऱ्या दिवशी दोरा घट्ट बांधायची. कापलेली रक्कम फारशी बदलली असेल असे मला वाटत नाही, पण त्या दिवसांत आई घरी येताना बोलत असे. कारण सांगितले गेले की माणसाला आपण हिशेबात आहोत असे वाटते, आणि हे कोणत्या कलमात बसवायचे ते मला ठाऊक नाही.

"खिडकी क्रमांक 3", आपल्याला एक सांगते, राग मानू नका. त्या आजी चौथ्यांदा खिडकीपर्यंत आल्या नाहीत, याचा अर्थ त्या थकल्या असा आपण घेतला असावा. मला वाटते त्यांना लाज वाटली असेल. आमच्या घरांत बायकांना बोटे दाखवायची लाज वाटते. तंबाखूने ती पिवळी पडलेली असतात, वास जात नाही. दहाही बोटे रांगेसमोर एकेक करून यंत्रावर ठेवायची आणि प्रत्येक वेळी यंत्राने नाही म्हणायचे, हे आपल्याला दोन मिनिटांचे काम वाटले. त्या बाईने ज्या बोटांवर घर चालवले ती बोटे सर्वांसमोर दहा वेळा नापास झाली. आपण आवाज चढवला नाहीत हे खरे, पण त्यांच्याकडे पाहिलेही नसावे, नाहीतर बोटे कोणत्या कामाची आहेत हे सोलापूरच्या माणसाला विचारावे लागत नाही.

कुंभारीच्या माळावर कामगारांसाठी 30 हजार घरांची रे नगर वसाहत उभी राहते आहे. त्यातल्या 15 हजार घरांचे लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये झाले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणी रडल्या. ते घर कोणाच्या दयेतून आलेले नव्हते, वर्षानुवर्षे मोर्चे काढून मागितलेले होते. पण कागदपत्रे जमवताना कोणत्या कार्यालयात कोणी बसायला सांगितले, कोणी अर्ज भरून दिला, कोणी हटकले, हे त्यांना अजून नावानिशी पाठ आहे. मागितलेला हक्क मिळाल्यावरही माणूस ते विसरत नाही.

परिचारिका

मी एका मोठ्या रुग्णालयात काम करते. या चर्चेत खिडकीच्या आतल्या माणसाच्या थकव्याबद्दल अद्याप कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते.

आमच्याकडे प्रत्येक कार्यक्रमात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव घेतले जाते आणि ते घेतलेच पाहिजे. 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेला हा तरुण 1938 मध्ये चार सहकारी डॉक्टरांबरोबर युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेला, सहकारी परतल्यावरही तिथेच राहिला, आणि 1940 मधल्या एका लढाईत त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. पण त्याच भाषणात पुढचे वाक्य घाईत उरकले जाते, की 9 डिसेंबर 1942 रोजी ते गेले तेव्हा फक्त 32 वर्षांचे होते आणि कामाच्या ताणाने त्यांची प्रकृती आधीच ढासळली होती. कोटणीस वंदनीय आहेत, मात्र सलग 72 तास जागणारा माणूस गृहीत धरून रोजचा वॉर्ड चालवता येत नाही. पाळीच्या पहिल्या तासाला मी जितकी मायेने बोलते तितकी अकराव्या तासाला बोलत नाही, हे मी प्रांजळपणे कबूल करते. शेवटच्या खाटेवरचा रुग्ण पहिल्या खाटेवरच्याइतकाच आजारी असतो.

म्हणून "करुणा स्वभावाचा भाग की कामाचा" या प्रश्नात तिसरीही एक बाजू आहे. ती मनुष्यबळाचा आणि वेळेचा भाग आहे. एका माणसासमोर दोनशेंची रांग उभी करायची आणि मग त्याला संवेदनशीलतेचे प्रशिक्षण द्यायचे, हा प्रकार मला रांगेतल्यांवर आणि खिडकीतल्यावर सारखाच अन्याय वाटतो. आपल्या खिडकीवर त्या दिवशी किती माणसे होती, हे आपण लिहिलेले नाही.

खिडकी क्रमांक 3

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण अव्वल कारकून साहेबांनी सांगितले ते आधी करून पाहावे असे ठरवले होते.

परिचारिकाताई, त्या दिवशी टोकन 140 पर्यंत गेले होते. आपण विचारल्यावर मी दप्तर उघडून पाहिले. हे कारण म्हणून पुढे करावेसे मात्र वाटत नाही, कारण दुसऱ्या खेपेच्या दिवशी टोकन 60 च्या आतच होते आणि मी तेव्हाही तसाच वागलो होतो.

टिपणी ठेवली. "दया" हा शब्द घातला नाही. वरिष्ठांनी ती दोन दिवस ठेवून घेतली, मग वर पाठवली आणि तोवर स्थानिक चौकशी करून पडताळणी करण्यास तोंडी मान्यता दिली. मी ती मान्यता लेखी मागितली, तेव्हा ते हसले, पण सही केली. वकीलसाहेब, आपण म्हणता ती भीती त्यांनाही होती आणि सही झाल्यावर ती आम्हा दोघांचीही कमी झाली, असे मला वाटले. ठसे न जुळल्यामुळे परत गेलेल्यांची यादी काढली, तर एकट्या माझ्या खिडकीवर मागच्या दोन महिन्यांत 19 नावे निघाली. त्यांतल्या 11 बायका आहेत. आजींच्या घरी शिपाईमामा आणि मी परवा जाऊन आलो. महिन्याचे दीड हजार रुपये आता सुरू होतील. त्यांनी आम्हाला पाणी दिले, तेलुगूत पुष्कळ बोलल्या आणि मामांनी त्यातले निम्मेच मला सांगितले.

लेकताई, आपण लिहिलेले मी तीन वेळा वाचले. त्यांच्याकडे मी पाहिले नव्हते, हे खरे आहे. आता यंत्र रांगेकडून वळवून आतल्या बाजूला घेतले आहे आणि दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. एक विनंती आहे. मामा पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत आणि मला तेलुगू येत नाही. "बसा, पाणी घ्या, तुमचे काम होईल, पण आठ दिवस लागतील," एवढे देवनागरीत लिहून द्याल का? मी "कूर्चोंडी" एवढे मोबाईलवर शोधले आहे.

विडी कामगाराची लेक

"कूर्चोंडी" पुस्तकातले आहे, चालेल, पण आमच्या घरांत "कूसोंडी" म्हणतात. "कूसोंडी अम्मा, नीळ्ळू तागंडी. मी पनि अवुतुंदी, एनिमिदि रोजुलु पडतुंदी." यातले "मी" म्हणजे तेलुगूत "तुमचे", तेव्हा गोंधळू नका. "एनिमिदि" जमले नाही तर आठ बोटे दाखवा, चालतील.